डाव्या कानाखालचा डाग

कोर्टाच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून एक फोटो स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओत गेल्या तीस वर्षांत एकाही माणसाच्या चेहऱ्यावर तीळ उगवला नव्हता. मालकाला लोक गुळगुळीतमामा म्हणत. तोंडावर नुसतं मामा. पाठ फिरली की पूर्ण पदवी. मामांना ती ठाऊक होती आणि ती आपल्या कलेची पावती आहे असं ते धरून चालत. माणूस एकदा कौतुक शोधायलाच निघाला की त्याला ते कुठेही सापडतं.

काळ रिळाचा होता. निगेटिव्ह उजेडाच्या चौकटीवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ठिपका ठिपका भरत बसायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पांढरा दिसतो. तो पेन्सिलीने भरला की छापील फोटोतून गायब. पेन्सिलीने जे भागत नाही ते पात्याने खरवडायचं. मामांनी या रीतीने मुरुमं घालवली, सुरकुत्या घालवल्या, एका वकिलाची दुसरी हनुवटी घालवली. त्यांच्या फोटोवर जमलेली काही लग्नं प्रत्यक्ष भेटीत मोडली, पण त्याला ते काय करणार? त्यांची जबाबदारी फोटोपुरती.

दोन गल्ल्या पलीकडे बालगृह होतं. सापडलेली, सोडलेली, हरवलेली मुलं तिथे यायची. मूल आलं की त्याचा फोटो लागायचा, तो दोन कामांसाठी. एक, वर्तमानपत्रातल्या सूचनेसाठी: हे मूल कोणाचं असेल त्याने मुदतीत पुढे यावं. आणि दुसरं, कोणीच पुढे आलं नाही तर, दत्तकाच्या फायलीसाठी. ती फाइल बहुधा परदेशी जायची. या दोन कामांना दोन फोटो लागतील असं कोणाच्या मनात आलं नाही. मामा मंगळवारी दुपारी बालगृहाची मुलं फोटोला घेत आणि त्याचे पैसे घेत नसत. फुकट केलेल्या उपकाराला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही, त्यामुळे तो चुकीचा असला तर बराच काळ टिकतो.

मुलींसाठी मामांनी एक झालरीचा फ्रॉक ठेवला होता. मोठा झाला तर मागून चिमटे, लहान झाला तर मागून उघडा. परदेशातल्या कितीतरी दिवाणखान्यांत त्या एकाच फ्रॉकातल्या वेगवेगळ्या मुली चौकटीत बसल्या होत्या. आणि प्रत्येकीचा चेहरा दुधासारखा. आधीच नशिबाने मारलेली पोरं, वर आणि डाग कशाला, असं मामांचं म्हणणं. कोणीतरी बघावं, आवडावी, घेऊन जावं. घेऊन जात होतेही.

बालगृहाचा कारकून फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना होता, ‘ओळखीची खूण’. तो कारकून फोटो पाहून भरायचा, कारण मूल स्थिर बसत नसे आणि फोटो बसायचा.

त्या वर्षी चार वर्षांची एक मुलगी आली. भाजीबाजारात एका ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांच्या ढिगात झोपलेली सापडली. ट्रक कुठून कुठून फिरून आला होता, ते ड्रायव्हरलाही नीट सांगता येईना. मुलीला बोलता येत होतं, पण ती दोनच शब्द बोलायची, ‘आई’ आणि ‘गाडी’. बालगृहातल्या मावशी तिला चिमणी म्हणू लागल्या. तिचा फोटो झाला, सूचना छापून आली, मुदत चालू झाली. मुदत संपत आली तेव्हा परदेशातल्या एका जोडप्याने फोटो पाहून होकारही कळवून टाकला. आता नऊ दिवसांनी कोर्टाची तारीख होती. कोर्टाने एकदा ‘हिला कोणी नाही’ असं म्हटलं, की चिमणी जायला मोकळी.

बालगृहात तपासासाठी एक नवी ताई लागली होती. जुन्या लोकांचं तिच्याबद्दल मत होतं की पोरगी चांगली आहे, पण नको तिथे वाचत बसते. तारखेच्या आधी तिने आसपासच्या सगळ्या पोलीस चौक्यांच्या नोंदवह्या वाचून काढल्या. तिसऱ्या चौकीत तिला पाच ओळी सापडल्या. त्या उतरवून घेऊन ती सायकल मारत थेट स्टुडिओत आली.

“मामा, चिमणीचा डाग कुठे गेला?”

“कुठला डाग?”

“डाव्या कानाखालचा. बोटाच्या पेराएवढा.”

“तो होय?” मामांचा चेहरा खुलला. “दीड तास गेला गं त्यात. कळतंय का कुठे होता ते?”

“नाही कळत,” ताई म्हणाली. “तिच्या आईलाही नाही कळलं.”

आणि तिने कागद टेबलावर ठेवला. ‘एक बाई आली. वय अंदाजे पंचवीस. रस्त्याच्या कामावर मजुरी. मुलगी हरवल्याचे सांगते. वर्तमानपत्रातील फोटो दाखविला. म्हणाली, माझी नव्हे. माझ्या मुलीस डाव्या कानाखाली भाजल्याचा डाग आहे. सूचनेत खूण “नाही” अशी असल्याने बाईस जाऊ दिले.’

“हवालदार म्हणाले, खूप वेळ बघत होती,” ताई म्हणाली. “जाताना म्हणाली, कुणाची तरी लाडाची दिसते, केवढा छान फ्रॉक घातलाय.”

मामांनी भिंग उचललं, पुसलं आणि परत ठेवलं. बघण्यासारखं समोर काही नव्हतं.

बालगृहाच्या मोठ्या बाईंच्या खोलीत दोघं गेले तेव्हा बाईंनी आधी कागद वाचला, मग कॅलेंडर पाहिलं.

“नऊ दिवस राहिलेत आणि तुम्ही मला पाच ओळी दाखवताय,” बाई म्हणाल्या. “रस्त्यावरच्या बायका. आज इथे, उद्या कुठे. तिकडे त्या लोकांनी खोलीला रंग दिलाय. स्वेटर विणलेत. मुलीला घर मिळतंय.”

“रंग वाळू दे बाई, घाई काय आहे?” ताई म्हणाली. “तिला आई असली, तर आपण घर देत नाही आहोत. दुसरीचं मूल उचलून देतोय.”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. बावीस वर्षं त्या मुलांना घरं शोधत होत्या आणि इतक्या वर्षांत घर शोधणं आणि मूल खपवणं यांतली रेघ कुठेतरी पुसट झाली होती, एवढंच. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मामा जमिनीकडे पाहत होते.

“आणि उद्या दुसरीच कोणीतरी आली, माझीच मुलगी म्हणून?”

“म्हणून तर आधी विचारायचं, मग दाखवायचं. खूण तिने सांगायची, आपण नाही. आणि चिमणीला बरोबर न्यायचं नाही. तिला यातलं काही कळताही कामा नये. एकदा हरवून झालंय तिचं.”

बाईंनी कोर्टाला अर्ज लिहिला. तीन आठवड्यांची मुदत मिळाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी चिमणीचा फोटो पुन्हा काढला. फ्रॉक नाही, पावडर नाही, मागे रंगवलेलं तळं नाही. केस वर बांधून, एक समोरून आणि एक डाव्या बाजूने. चिमणीने यावेळीही कॅमेऱ्याला विचारलं, “गाडी?” मामा म्हणाले, “नाही गं, डबा.” ती निराश झाली, आणि तोच चेहरा फोटोत आला.

निगेटिव्ह वाळली तेव्हा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. मामांनी पेन्सिली गोळा केल्या, मागच्या खोलीत गेले आणि मोठ्या बहिणीपुढे धरल्या. आक्का त्यांच्याकडेच राहायची. मामी गेल्यापासून घर तिच्या हाती होतं.

“हे तुझ्याकडे ठेव.”

“दारुड्याने बाटली सोपवावी तसं देतोयस,” आक्का म्हणाली. “काय केलंस?”

मामांनी सांगितलं. आक्का डाळ निवडत ऐकत होती. सगळं सांगून झाल्यावरही ते उठेनात. मग म्हणाले, “आक्का, हिच्या गालावर देवीचे दोन वण होते ना?”

‘हिच्या’ म्हणजे मामींच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

“होते की.”

“कुठल्या गालावर?”

“नवरा तू होतास की मी?”

“सांग ना.”

“उजव्या.” आक्का थांबली. “का डाव्या? समोर बसली की माझ्या या बाजूला यायचे. तुझ्याकडे ढीगभर फोटो आहेत तिचे, त्यांत बघ.”

फोटो ढीगभर होते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मामांनी ते दोन वण पात्याने खरवडले होते, भेट म्हणून. आणि नंतरच्या प्रत्येक फोटोत तोच शिरस्ता. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. मामी तेव्हा फोटो पाहून म्हणाल्या होत्या, “छान आहे. कोण आहे ही?” मामांना तो विनोद वाटला होता आणि त्यांनी तो कितीतरी लोकांना सांगितला होता. हसताना त्यांतला एक वण आत ओढला जायचा, हे मामांना आठवत होतं. बाजू आठवत नव्हती. जन्मभर माणसं कॅमेऱ्याच्या काचेवर उलटी पाहिलेल्याचं असं होतं, हे खरं. पण आपली बायको तरी सुलटी पाहायला हवी होती. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली डाव्या. आता एक मत उजवं, एक डावं, आणि तिसरं मत देऊ शकेल असं माणूस उरलं नव्हतं.

ताई रस्त्याच्या शोधात निघाली तेव्हा मामा पिशवी घेऊन दारात उभे.

“तुम्ही कशाला, मामा? चालावं लागेल.”

“त्या बाईला सांगायला हवं, की चूक फोटोची होती. तिच्या डोळ्यांची नव्हे.”

रस्त्याची माणसं शोधायची युक्ती सोपी असते: नवा रस्ता धरायचा आणि तो संपेपर्यंत जायचं. अडचण एवढीच की त्या भागात एकाच वेळी तीन नवे रस्ते चालू होते, आणि रस्ता करणारे तो पुढे ढकलतच असतात. पहिल्या रस्त्याच्या टोकाला एकही बाई नव्हती. दुसऱ्याच्या टोकाला मुकादम म्हणाला, “फोटोवाले का? मग माझा काढा आधी. इथलं पोट जरा आत घ्या.” मामांनी फोटो काढला आणि पोट होतं तेवढंच ठेवलं. मुकादमाने नंतर फोटो घ्यायला माणूस पाठवला, तो पोट बघून नाराज होऊन गेला. पण त्या दिवशी मुकादमाने सांगितलं की पोर हरवलेली एक बाई खाणीपलीकडच्या टोळीत आहे. कामात पुढे, बोलण्यात मागे.

खाणीपलीकडे पोचायला अठरावा दिवस उजाडला.

डांबराचे ड्रम धुमसत होते. पायांना पोत्याचे तुकडे बांधलेली एक बाई खडीची पाटी ओतून परत वळत होती. ताईने तिला बाजूला सावलीला बोलावलं आणि आपण कुठून आलो ते सांगितलं. मामांच्या पिशवीकडे नजर जाताच ती मागे सरकली.

“फोटो असेल तर दाखवू नका. एकदा बघितलाय.”

“नाही दाखवत.”

“ती नसून तिच्यासारखी दिसते. ते परत बघवत नाही. त्या दिवशी परत आले तर चार दिवस जेवण गेलं नाही.”

“दाखवत नाही म्हटलं ना,” ताई म्हणाली. “तुम्ही फक्त तुमच्या मुलीबद्दल सांगा.”

“काय सांगू? पोरीसारखी पोर. वटवट करायची. गाडी दिसली की चढायची. त्या दिवशी दोन ट्रक आले होते. एकात आम्हाला चढवलं, दुसरा दुसरीकडे गेला. मला वाटलं ती सासूजवळ आहे, सासूला वाटलं माझ्याजवळ.” ती थांबली. “सासू त्यावर अजून बोलत नाही माझ्याशी. मीपण नाही.”

“अंगावर काही खूण?”

“डाग. इथे.” तिने स्वतःच्या डाव्या कानाखाली बोट टेकलं. “ड्रम उकळत होता. मी हाकललं तिला, ती परत आली. थेंब उडाला. मुकादम ओरडत होता, डांबर ओढू नको, ओढू नको. मी ओढलं. कातडी आली बरोबर. वर चपटा, खाली टोकदार, चिंचोक्यासारखा.”

“आणखी काही?”

“आणखी काय असणार?” तिने आठवलं. “उजव्या पायाची करंगळी. शेजारच्या बोटावर चढून बसलेली असते. चप्पल घालू देत नाही.”

ताईने लिहिता लिहिता हात थांबवला. करंगळीचं कुठल्याच कागदावर नव्हतं. ते मावशींना माहीत होतं, कारण चप्पल घालताना रोजची रडारड त्याच निस्तरायच्या. ताईने मामांकडे पाहून मान हलवली.

मामांनी पिशवीतून फोटो काढला, पण लगेच दिला नाही. “बाई,” ते म्हणाले, “आधीचा फोटो मी काढला होता. डाग मी घालवला होता. मुलगी छान दिसावी म्हणून.”

तिला ते समजलं की नाही, कळलं नाही. तिने हात पुढे केला, परत घेतला, अंगाला पुसला आणि मग फोटो धरला. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिचं बोट सरळ कानाखाली गेलं.

पाठीमागे खडी ओतल्याचा आवाज दोनदा झाला.

“म्हणजे तेव्हा तीच होती.”

“हो.”

“मला वाटलं होतं तीच आहे,” ती म्हणाली. “पण साहेबांनी कागद वाचून दाखवला, खूण नाही म्हणून. मी म्हटलं, आपलं मन काय, खोटंही बोलेल. कागद कशाला बोलेल?”

 

असं वाटेल, की इथून पुढे आई धावत गेली आणि मुलगी तिच्या गळ्यात पडली. ताईने तसं होऊ दिलं नाही. टोळीतल्या तिघांच्या जबान्या झाल्या, सासूचीही. सासू सुनेशी बोलत नव्हती, पण सुनेच्या बाजूने तासभर बोलली. कोर्टाने कागद मागवले. पाच आठवडे दर रविवारी ती बाई दोन बस बदलून बालगृहाच्या अंगणात येऊन बसायची. पहिल्या रविवारी चिमणी मावशींच्या मागे लपली. दुसऱ्या रविवारीही. “ओढू नका,” मावशी आईला म्हणाल्या, “मांजरासारखं आहे, आपण आपली कामं करत बसायचं.” मग ती बाई मावशींबरोबर गोधड्या घड्या घालत बसली. हातभर अंतरावर मूल आणि हात लावायचा नाही. खडीच्या पाट्या त्यापेक्षा हलक्या असाव्यात. तिसऱ्या रविवारी चिमणी येऊन समोर उभी राहिली आणि रागाने म्हणाली, “तू दुसऱ्या गाडीत का बसलीस?” बालगृहात आल्यापासूनचं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मोठ्या बाईंनी परदेशी पत्र लिहिलं. चार मसुदे फाडले, पाचवा पाठवला. उत्तर छोटं आलं. आम्हाला आनंद झाला, असं लिहिलं होतं, आणि अक्षरावरून तो कसा झाला असेल ते दिसत होतं. खोली तशीच ठेवू, दुसऱ्या कोणासाठी; मात्र यावेळी आधी सगळं नीट तपासून घ्या, कितीही वेळ लागला तरी. शेवटी एक ओळ होती: तिचा फोटो परत पाठवायला हवा का? बाईंनी कळवलं, नको.

त्या आठवड्यांत बालगृहाचा नियम बदलला. मूल आलं की आंघोळीआधी, आलं त्या कपड्यांत पहिला फोटो. खुणा कारकुनाने नव्हे, मावशींनी मूल समोर घेऊन सांगायच्या. कारकुनाने हे अपमानास्पद असल्याची लेखी नोंद केली आणि ती स्वतःच फाइल केली. मामांनी मात्र आणखी एक काम काढलं. जुन्या निगेटिव्हच्या पेट्या उघडल्या आणि परदेशी गेलेल्या एकेका मुलाच्या चेहऱ्यावरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायला बसले. तीळ परत आले, वण परत आले, एकाच्या कपाळावरची खोक परत आली. नवे फोटो मोठ्या बाईंनी त्या त्या घरी पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका आईने लिहिलं: मुलाच्या कपाळावरची खोक घरी आल्यावर पहिल्यांदा दिसली, तुमच्या फोटोत ती नव्हती, म्हणून विमानात माझ्याच हातून तो कुठेतरी आपटला असणार, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. ते पत्र मामांनी आक्काला वाचून दाखवलं नाही. स्वतः मात्र दोनदा वाचलं.

मामींच्या निगेटिव्हही त्यांनी एकदा बाहेर काढल्या. उजेडावर धरल्या. पात्याची धार चांगली होती. कुठे काय होतं याचा मागमूससुद्धा नव्हता. त्यांनी त्या परत पाकिटात घातल्या आणि पुढच्या मुलाकडे वळले.

सहाव्या आठवड्यात कोर्टाने चिमणीला आईच्या हवाली केलं. निघण्याआधी मोठ्या बाई म्हणाल्या, दोघींचा एक फोटो हवा. त्या दुपारी माय-लेकी स्टुडिओत आल्या. चिमणीच्या पायांत चपला नव्हत्या, हातात होत्या. मामांनी पडदा बाजूला सारला, खुर्ची खिडकीपाशी ठेवली. बाई बसली, मुलीला मांडीवर घेतलं, मग उठून मामांजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, एक विचारू? तेवढा डाग घालवता येईल का? नवीन ठिकाणी गेलं की लोक विचारतात. आईनंच भाजलं का म्हणून.”

मागच्या खोलीच्या दारात आक्का येऊन उभी राहिली होती.

“ते काम मला जमत नाही,” गुळगुळीतमामा म्हणाले.

“मग राहू द्या,” ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. प्रत्येकाला प्रत्येक काम कसं येणार? ती परत खुर्चीवर बसली, थोडा विचार केला, आणि पोरीला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं, डावा गाल आपल्या छातीशी येईल असं. चिमणीने जरा चुळबुळ केली आणि डोकं तिथेच टेकवलं.

मामांनी बटण दाबलं. त्या फोटोत डाग दिसत नाही. त्यात मामांचा हात नाही.